बुलपप रायफल : टॅव्हॉर एक्स९५, स्टायर ऑग की हेलियन? (डावखुऱ्यांनी जरूर लिहा)

डावरा_ऑस्टिन

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज धागा काढतोय. ऑस्टिनजवळ राहतो, ग्रीन कार्ड मिळाल्यावर घेतलेली एआर-१५ आहे, रेंजवर नियमित जाणं होतं आणि थंडीत मित्राच्या रानात डुकरांच्या मागे. तिथे बसायला लाकडी खोकं आहे, खिडकी एवढीशी, १६ इंची बॅरलवाली एआर आत फिरवताना प्रत्येक वेळी नळी कुठेतरी आपटते आणि डुकरं पसार. पुढे सायलेन्सर लावायचाय म्हणजे आणखी सहा-सात इंच वाढणार. म्हणून बुलपपचा विचार सुरू झाला, मॅगझिन आणि बोल्ट ट्रिगरच्या मागे दस्त्यात गेल्यामुळे बॅरल तेवढीच राहून बंदूक अर्धा फूट आखूड होते, हे मला पुरेसं कारण आहे.

अडचण अशी की मी डावखुरा. बहुतेक बुलपपमधून रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डाव्या खांद्याला लावली की थेट गालावर. शिवाय बायकोही नेमबाजी करते, तिची उंची पाच फुटांच्या जरा वर, एकच रायफल दोघांना बसायला हवी. कॅलिबर ५.५६ च, कारण गोळ्या आहेत घरात. ज्यांच्याकडे आहे त्यांनी स्वतःचा अनुभव लिहा प्लीज, यूट्यूब बघून झालंय सगळं.

वरणगावचा_पोऱ्या

काय भो, एकदम माझ्या आवडीचा विषय काढला. आपण वरणगावचे, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलो, तिथे ५.५६ ची काडतुसं बनतात आणि वडील तिथेच होते, त्यामुळे गोळी हा शब्द घरात औषधाच्या आधी काडतुसासाठीच. आता ह्युस्टन.

माझी एक्स९५, १६.५ इंची बॅरल. एकूण लांबी २६ इंचाच्या जरा वर, वजन ७.९ पौंड रिकामी. वजन ऐकून घाबरू नको, ते सगळं मागे आहे, खांद्याजवळ. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दार उघडता येतं, एआरने करून बघ, मनगट बोंबलतं.

डाव्यांसाठी : वेगळा डावा बोल्ट विकत घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंना पुंगळी बाहेर पडायची खिडकी आधीपासून आहे, झाकण इकडचं तिकडे, चार्जिंग हँडल इकडचं तिकडे, सेफ्टीचा खटका पण बदलतो. घरी टेबलावर होतं. पण बदलून झाल्यावर ती रायफल डावीच झाली, बायको उजवी असेल तर पुंगळ्या तिच्या तोंडावर. हे आधी ठरव.

बदल काय केले ते सांगतो. पहिला ट्रिगर. जुन्या टॅव्हॉर सार (SAR) मॉडेलचा ट्रिगर फारच जड होता, ९ ते ११ पौंड, एक्स९५ मधे तो ५-६ वर आणला त्यांनी. तरीपण बुलपपचा आजार तोच, ट्रिगर पुढे आणि हॅमर मागे, मधे लांब दांडी, बोट दाबलं की आधी दांडी सरकते मग काहीतरी होतं. मी गाइसलीचा सुपर साब्रा टाकला, दोन टप्प्यांचा आहे, भिंत स्पष्ट लागते बोटाला. टिमनीचा पण येतो, सिंगल स्टेज. दोन्ही तयार पॅक आहेत, दोन पिना ढकलल्या की जुना खाली येतो, नवीन बसवायचा, आतल्या भागांना कानस वगैरे अजिबात लावायची नाही. दुसरं म्हणजे मँटिकोरचा कर्व्ह बटपॅड, खांद्याला टेकतो तो भाग आत वळवलेला, त्यामुळे ट्रिगर जवळ येतो. वहिनींना याचा फरक सगळ्यात जास्त पडेल बघ.

ऍरिझोनाचा_कोल्हापुरी

भावा ऑग घे आणि विषय संपव. १९७७ ला ऑस्ट्रियन आर्मीने घेतली आणि अजून वापरतायत, एवढ्या वर्षांत मूळ डिझाइनला हात लावायची फारशी गरजच पडली नाही. माझी ए३ एम१, अलाबामातल्या बेसेमरमधे बनलेली. बॅरल बटण दाबून फिरवली की हातात, बॅगेत दोन तुकडे करून ठेवतो. मॅगझिन आरपार दिसणारं, किती गोळ्या राहिल्या ते एका नजरेत कळतं, ४२ चं पण मिळतं. आणि साफसफाई म्हणाल तर टूल लागत नाही राव, मागचं बटण दाबून बटप्लेट काढा, हॅमर पॅक सरकून बाहेर.

डाव्यांसाठी इथेही डावा बोल्ट आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीचं झाकण इकडे, झालं. फक्त एक लक्षात ठेव, एआरची मॅगझिन चालणारा जो नाटो स्टॉक आहे तो फक्त उजव्यांसाठी, त्यात डावीकडून पुंगळी काढायची सोयच नाही. तुझ्याकडे एआरची मॅगझिनं पडली असतील आणि ती वापरायची असतील तर ऑग तुझ्यासाठी नाही हे मीच सांगतो.

ट्रिगर लांब आहे, मान्य. पण एकदा सवय झाली की शंभर यार्डांवर ताटलीएवढं स्टील चुकत नाही. ट्विस्ट, म्हणजे नळीतल्या खाचांचा पीळ, १:९ (नऊ इंचात एक फेरा) आहे म्हणून ५५ आणि ६२ ग्रेन मस्त, ७७ ग्रेनच्या लांब गोळ्या मात्र १:७ वाल्या बॅरलसाठी सोडा.

हेलियनवाली_मीनल

डावरा, मी हेलियन वापरते आणि उंची तुमच्या बायकोइतकीच, म्हणून सविस्तर लिहिते.

बुलपपबद्दल बोलताना सगळे एकूण लांबी सांगतात, पण बुटक्या माणसाला महत्त्वाची असते ती लेंथ ऑफ पुल, म्हणजे दस्त्याच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. बुलपपमधे दस्त्यातच सगळी यंत्रणा कोंबलेली, त्यामुळे हे अंतर कमी करायला जागाच नसते, एआरचा स्टॉक कसा टकटक आत जातो तसं इथे नाही. बहुतेक बुलपप मला लांब पडतात. कोपर पूर्ण ताणलेलं, मान पुढे, पाठ मागे झुकलेली, अशा उभ्याने दोन मॅगझिन मारली की खांदा भरून येतो आणि नेम जातो तो वेगळाच. हिवाळ्यात जाड जॅकेट घातलं की अजून एक इंच वाढलाच समजा.

हेलियन म्हणजे क्रोएशियाच्या सैन्याची व्हीएचएस-२, एचएस प्रॉडुक्ट बनवते आणि स्प्रिंगफील्डने २०२२ पासून इथे आणली. तिचा दस्ता पाच टप्प्यांत मागेपुढे होतो. आत असताना एकूण २८.२५ इंच, म्हणजे एक्स९५ पेक्षा दोन इंच लांब, वजन ८ पौंड. पण तो एक टप्पा कमी करता येतो म्हणून मी सरळ उभी राहून मारू शकते, माझ्यासाठी प्रश्न तिथेच सुटला. नवरा सहा फुटी, तो दोन टप्पे बाहेर काढतो.

आणि डाव्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट, वेगळा बोल्ट विकत घ्यावा लागत नाही, आहे त्याच भागांत पुंगळीची बाजू बदलता येते. तुम्ही डावे आणि ती उजवी असाल तर रेंजवर पाळी बदलताना बदलून घ्या. रायफल खोलावी लागते, पण दोन बोल्ट सांभाळायची भानगड नाही. पिस्तूल ग्रिप एआरची बसते, मी उभा कोन असलेली लावली, कारण बुलपपमधे हात शरीराच्या फार जवळ येतो आणि तिरक्या ग्रिपवर मनगट दुमडतं. हा बदल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा, ट्रिगरच्या आधी हा करा असं मी ठामपणे सांगेन.

नागपूरकर_युटा

सगळे डावा बोल्ट डावा बोल्ट करून राहिले, केल-टेक आरडीबी कोणी बोलूनच नाही राहिलं. तिच्यात पुंगळी खाली पडते ना बाप्पा, मॅगझिनच्या मागून सरळ जमिनीवर. डावा उजवा कोणीही मारा, काही बदलायचंच नाही. बोल्ट हलका चालतो, सगळे खटके दोन्ही बाजूंना, वजन सात पौंडाच्या आत-बाहेर, आणि ट्रिगर कंपनीतून आलेला तसाच टॅव्हॉरपेक्षा गोड. किंमत पण या तिघींपेक्षा कमी.

बोल्ट मागे ढकलणारा गॅस मात्र स्वतः लावून घ्यायचा असतो. रेग्युलेटर आहे त्याला, गॅस कमी करत जायचा, एकेक गोळी मारायची, गोळी मारल्यावर बोल्ट मागे थांबून राहणं बंद झालं की तिथून दोन-तीन क्लिक परत उघडायचा. गोळ्यांचा ब्रँड बदलला की परत बघायचं, सायलेन्सर लावला की परत. हे करायला आळस असेल तर नको घेऊ, ज्याला असं खुडबूड करायला आवडते त्याला ही रायफल लय आवडते. पुढे पुंगळी फेकणाऱ्यांपैकी इथलीच डेझर्ट टेकची एमडीआरएक्स पण मित्राची मारली, ती ३०८ मधून २२३ मधे बदलते, पण डुकरांसाठी एवढा खर्च कायले करतो.

डावरा_ऑस्टिन

वा, एकदम भरभरून. मीनलताई, ग्रिपचं खरंच कुठेच वाचलं नव्हतं. एआरची मॅगझिनं भरपूर आहेत त्यामुळे ऑग बाद करतोय, कोल्हापूरकर राग मानू नका. आता हेलियन, एक्स९५ आणि आरडीबी. सायलेन्सर लावल्यावर काय होतं ते सांगा, खोक्यात बसून मारायचं तर कान आधी.

वरणगावचा_पोऱ्या

एक्स९५ ला कंपनीचा ॲडजस्टेबल गॅस नाही, सायलेन्सर लावला की बोल्ट जोरात मागे येतो आणि गॅस झाकणाच्या फटीतून डोळ्यात. बुलपपमधे ती फट गालाखालीच ना. लोक झाकणाच्या कडेला सील लावतात, थोडा फरक पडतो. चष्मा लावल्याशिवाय मी हात लावत नाही. कमी बॅकप्रेशरवाला, ज्यात गॅस पुढे निघतो, असा सायलेन्सर घेतला तर त्रास बराच कमी होतो, एक्स९५ ला तोच घे.

हेलियनवाली_मीनल

हेलियनच्या गॅस रेग्युलेटरला दोन टप्पे आहेत, एक नॉर्मल एक सायलेन्सरचा. तोंडावर गॅस येतो, पण सोसण्यासारखा. आणि सायलेन्सर असला तरी कानातलं काढू नका. बुलपपमधे बोल्टचा खटका कानाच्या शेजारी वाजतो, तोंडाचा आवाज कमी झाला तरी तो होत नाही. मी आत फोमचे प्लग आणि वर इलेक्ट्रॉनिक मफ असं दोन्ही वापरते, छपराखालच्या रेंजवर तर नक्कीच.

पेनसिल्व्हेनियाचे_काका

बदल करायच्या चर्चेत कायदा राहून गेला म्हणून लिहितो, तरुण मंडळींनी नीट वाचावं.

१) फेडरल कायद्याने रायफलची बॅरल किमान १६ इंच आणि एकूण लांबी किमान २६ इंच, दोन्ही पाहिजे. एक जरी कमी झालं तर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली ती शॉर्ट बॅरल रायफल ठरते आणि आधी मंजुरी न घेता तशी बनवणं गंभीर गुन्हा आहे. एआरवाल्याला एकूण लांबीची काळजी कधी करावी लागत नाही, बुलपपवाल्याला लागते, कारण ती मुळातच २६ च्या काठावर असते. पातळ बटपॅड, आखूड फ्लॅश हायडर असले बदल करण्याआधी टेप लावा. पिळून निघणारा फ्लॅश हायडर मोजत नाहीत, कायमचा जोडलेला असेल तरच मोजतात.

२) आयात भागांबद्दलचं फेडरल कलम ९२२(आर). बाहेरून आलेल्या रायफलमधे, ठरवलेल्या २० भागांपैकी जास्तीत जास्त १० भाग आयात केलेले चालतात. ट्रिगर, हॅमर, पिस्तूल ग्रिप, एवढंच काय मॅगझिनची बॉडी, फॉलोअर आणि तळपट्टी हे तीन वेगवेगळे भाग धरतात. अमेरिकन भाग काढून परदेशी टाकला तर तुमची बेरीज बिघडू शकते. अमेरिकन ट्रिगर टाकला तर बेरीज सुधारतेच, म्हणून गाइसली, टिमनी वगैरेंची या बाबतीत चिंता नाही.

३) सायलेन्सरचा २०० डॉलरचा टॅक्स १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, पण फॉर्म, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरीची वाट बघणं सगळं तसंच आहे. टॅक्स नाही म्हणजे नोंदणी नाही असा अर्थ काढून कोणी बसू नका.

४) आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-१बी, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या बाळगायला फेडरल कायद्यात मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाशी बोला. इथे पुढची सगळी इमिग्रेशन पणाला लागते. धागाकर्त्याने ग्रीन कार्डानंतर घेतली, अगदी योग्य केलं.

सॅन_होजे_सखाराम

काका, आम्ही कॅलिफोर्नियावाले काय करायचं? एक्स९५ मला फार आवडलीय.

पेनसिल्व्हेनियाचे_काका

सखाराम, तुमच्याकडे ३० इंचांपेक्षा लहान सेमीऑटो सेंटरफायर रायफल थेट असॉल्ट वेपनमधे मोडते. म्हणजे बुलपपचा जो फायदा, तोच तिथे बेकायदा. लांब बॅरल आणि कायमचा जोडलेला मझल डिव्हाइस लावून ३० च्या वर नेतात, त्यावर पिस्तूल ग्रिप आणि काढता येणाऱ्या मॅगझिनचे नियम वेगळेच. तिथल्या माहितगार दुकानदाराशिवाय पाऊल टाकू नका. दुसऱ्या राज्यातून आणायचा विचार तर अजिबात नको.

सिडनीकर_अभय

आमच्याकडे १९९६ नंतर सामान्य माणसाला सेमीऑटो सेंटरफायर मिळत नाही, त्यामुळे मालक म्हणून नाही, आर्मी रिझर्व्हमधला म्हणून लिहितो. ऑगचीच ऑस्ट्रेलियन आवृत्ती, एफ८८, आणि आताची ईएफ८८, लिथगोमधे बनते. गाडीतून चढणं-उतरणं, अरुंद जागा, इथे बुलपपला तोड नाही. कमजोर बाजू म्हणजे पालथं पडून मॅगझिन बदलणं, ते काखेत असतं, बघितल्याशिवाय सापडायला सराव लागतो. डोळे टार्गेटवर ठेवून रिकाम्या रायफलीवर तोच सराव करून घेतात आमच्याकडून, तो तुम्हीही घरी करू शकता, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

बडोद्याचा_मिलिंद

एक शंका. फ्रान्सने फामास सोडून एचके४१६ घेतली, न्यूझीलंडने स्टायर सोडून एआरसारखी घेतली, चीनने पण क्यूबीझेड-९५ नंतर साधी रचना निवडली. मग बुलपप संपतंय ना? पैसे कशाला घालायचे?

वरणगावचा_पोऱ्या

मिलिंदभाऊ, सैन्याची गरज वेगळी रे. त्यांना एकच रायफल हजारो वेगवेगळ्या मापाच्या माणसांना बसवायची, वर चिलखत, त्यावर सायलेन्सर, दुर्बीण, लेझर, आणि सुटे भाग सगळ्या मित्रदेशांत मिळणारे हवेत. तिथे एआर जिंकते, यात वाद नाही. शिवाय सैन्याला १०-११ इंची बॅरल वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे आखूड बंदुकीसाठी बुलपपच पाहिजे असं त्यांना उरलं नाही. आपल्याला १६ इंचाची अट आहे म्हणून आपल्यासाठी बुलपपचा हिशोब अजून बसतो. आणि ऑस्ट्रिया, ऑस्ट्रेलिया, क्रोएशिया वापरतायत की, आपल्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंच्या हातात पण टॅव्हॉर दिसते.

ऍरिझोनाचा_कोल्हापुरी

+१. अवांतर : दुर्बिणीच्या माउंटबद्दल कोणी लिहिलं नाही. ऑगच्या उंच रेलवर एआरवाला उंच माउंट लावला की हनुवटी टेकवून मारावं लागतं, तिथे बुटका माउंट पाहिजे. एक्स९५ आणि हेलियनवर एआरच्या उंचीचा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन) बहुतेकांना बसतो, पण गाल टेकवून बघूनच घ्या. आणि झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं, ५० यार्डांवर करा. जवळच्या अंतरावर, म्हणजे खोक्यातून दहा यार्डांवर आलेल्या डुकरावर, गोळी ठिपक्याच्या दोनेक इंच खाली लागते, ते डोक्यात ठेवूनच नेम धरा.

डावरा_ऑस्टिन

अपडेट देतो. इथल्या एका रेंजवर एक्स९५ आणि हेलियन दोन्ही भाड्याने मिळाल्या, बायकोला घेऊन गेलो. एक्स९५ मला अगदी आवडली, हातात घट्ट बसते, पण ती उजवी होती, डाव्या खांद्याला लावली नाही, उजव्यानेच मारून बघितली. तिला मात्र लांब पडली, मीनलताईंनी लिहिलेलं कोपर ताणणं समोर दिसत होतं. हेलियनचा दस्ता पूर्ण आत घेतल्यावर तिच्या गोळ्यांचा ग्रुप लगेच जवळ आला, न सांगता. रेंजवाल्याने पुंगळीची बाजू बदलून दिली, मग मी डाव्याने मारली, गालाला काही नाही. वजन पुढे एक्स९५ पेक्षा जास्त वाटतं पण खोक्यात खिडकीवर टेकवूनच मारायचं आहे.

तर हेलियन घेतोय. पहिला बदल ग्रिप, मग रेड डॉट, ट्रिगर आहे तसाच ठेवणार, त्याचे पैसे गोळ्यांना. सायलेन्सरचा फॉर्म भरायला घेतलाय. एक विचारायचं राहिलं, घरात मुलगा लहान आहे, एवढी आखूड रायफल कुठे आणि कशी ठेवता तुम्ही? एआरची सेफ उभी आहे.

हेलियनवाली_मीनल

अभिनंदन! त्याच सेफमधे ठेवा, फक्त खालच्या पट्टीत नळी टेकेल अशी खोबण नसते, आखूड असल्याने ती आतल्या आत सरकते. मी वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधते. मॅगझिन बाहेर, चेंबर बघून रिकामं, केबल लॉक मॅगझिनच्या खोबणीतून आत घालून पुंगळीच्या खिडकीतून बाहेर, म्हणजे बोल्ट बंदच होत नाही. गोळ्या वेगळ्या कुलपात. सेफची चावी घरात लपवून ठेवू नका, मुलांना सगळ्या जागा माहीत असतात, आकड्यांचं कुलूप बरं.

आणि एक, पुढचा हात. हेलियन काय एक्स९५ काय, हँडगार्ड आखूड असल्याने बोटं नळीच्या तोंडाकडे सरकतात, विशेषतः डुक्कर अचानक बाजूने आलं की. रेलच्या टोकाला एक हँडस्टॉप लावून टाका, दहा-वीस डॉलरचा येतो, तुमच्या बायकोसाठी आणि तुमच्यासाठी एकाच जागी चालेल.

डावरा_ऑस्टिन

हँडस्टॉप कार्टमधे टाकला. एमलॉकवाला घेऊ का पिकॅटिनी?

हेलियनवाली_मीनल

एमलॉक. हेलियनच्या हँडगार्डला खाली आणि बाजूला एमलॉकच्याच खाचा आहेत, पिकॅटिनीवाला घेतला तर मधे ॲडॉप्टर येऊन उंची वाढेल. स्क्रूला निळा लॉकटाइट लावा, आणि पहिल्या रेंजनंतर एकदा परत घट्ट करून बघा.